भाड्याची मोटार, वाळवंटाची वाट आणि घरातील ज्येष्ठ

दिवाळी सरली की कोल्हापुरातील दवाखान्यांत प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठांची वर्दळ वाढते. कोणी काशी-रामेश्वराला निघालेले असते, तर कोणी मुला-मुलीकडे दुबईला, शारजाला, मस्कतला किंवा दोह्याला. ‘रक्तदाब बघा, साखर बघा, तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या,’ एवढीच मागणी असते. संयुक्त अरब अमिरातीत आज ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांतील एखादे तरी माणूस आखाती देशांत नोकरीला आहे. त्यामुळे ‘मुलाकडे दोन महिने’ हा आता अपवादात्मक प्रवास राहिलेला नाही.

विमानप्रवासाची तयारी ही मंडळी काळजीपूर्वक करतात. मुंबई ते दुबई हा विमानप्रवास सुमारे तीन तासांचा. पण खरी कसोटी त्यानंतरची असते. मुलगा चार दिवसांची रजा काढतो, सर्वांना बसता येईल अशी मोठी मोटार भाड्याने घेतो आणि आई-वडिलांना देश दाखवायला निघतो. अबू धाबीजवळ फेब्रुवारी २०२४ मध्ये खुले झालेले स्वामीनारायण मंदिर, अल ऐनमधील खजुरीच्या बागा, जेबेल जैसचा डोंगर, ओमानमधील निझवाचा किल्ला, शर्किया भागातील वाळूच्या टेकड्या असा बेत ठरतो. दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटर प्रवास होतो. रस्ते उत्तम, गाडी नवी, आत गारवा. मग काळजी कसली, असे वाटणे स्वाभाविक आहे. वृद्ध शरीराच्या दृष्टीने काळजीचे कारण नेमके या सुखातच दडलेले असते.

गारव्यातली न जाणवणारी तहान

कोल्हापुरात उन्हाळ्यात घाम येतो, तो अंगाला जाणवतो, सदरा भिजतो आणि आपण पाणी मागतो. वाळवंटाच्या अंतर्भागातील हवा अतिशय कोरडी असते. तेथे घाम त्वचेवर येताक्षणी उडून जातो. अंग कोरडे राहते, त्यामुळे ‘घाम येतच नाही’ असा समज होतो. मोटारीतील वातानुकूलित हवाही कोरडीच असते. श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाणी जातच राहते. याउलट दुबई किंवा मस्कतच्या किनाऱ्यावर हवा दमट असते. तेथे घाम निथळतो, पण उडत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. एकाच दिवसात किनाऱ्यावरून आतल्या भागात गेल्यास शरीराला दोन वेगवेगळ्या हवामानांशी जुळवून घ्यावे लागते.

वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. सत्तरीतील माणसाच्या शरीराला पाण्याची गरज असूनही मेंदू ती वेळेवर कळवत नाही. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही कमी झालेली असते. हे झाले शरीराचे कारण. दुसरे कारण पाठ्यपुस्तकात नाही, पण प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. आपल्या घरातील आई, आजी, सासूबाई प्रवासात मुद्दाम पाणी पीत नाहीत. लघवीला थांबावे लागेल, मुलाला गाडी वळवावी लागेल, जावयापुढे सांगायचे कसे, सुनेला त्रास कशाला, असा हा संकोच असतो. पुरस्थ ग्रंथी वाढलेले वडीलही हेच करतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. सकाळी निघताना अर्धा कप चहा घ्यायचा आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत ओठ ओले करण्यापुरतेच पाणी प्यायचे, ही सवय आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या एसटी प्रवासातून आलेली आहे.

या संकोचाची किंमत मोठी असते. शरीरातील पाणी घटले की रक्तदाब उतरतो, गाडीतून उतरताना भोवळ येते आणि माणूस पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडायला एवढे एक पडणे पुरते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडावरील ताण, बद्धकोष्ठता हे त्रास मागोमाग येतात. रक्त दाटते आणि त्यातच चार तासांहून अधिक काळ पाय लोंबकळत ठेवून बसल्यास पायांतील शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. काही वेळा पाण्याच्या कमतरतेचे पहिले लक्षण म्हणजे माणूस बोलताना गोंधळतो, चिडतो किंवा पेंगतो. घरचे म्हणतात, ‘प्रवासाने दमले असतील.’

म्हणून सोबत असलेल्यांसाठी एक नियम सांगतो. ‘थांबायचे का?’ असे विचारू नका. विचारले की उत्तर ‘नको’ असेच येते. दर दीड तासाने न विचारता गाडी थांबवा. अमिरातीच्या महामार्गांवरील पेट्रोल पंपांवर सहसा स्वच्छतागृह, दुकान आणि बसायला जागा असते. चालकाने स्वतः उतरावे, म्हणजे इतरांना उतरण्यात अवघडल्यासारखे होत नाही. पाच मिनिटे चालावे, घोटे वर-खाली करावेत, पाणी प्यावे. गाडीतही तासाला साधारण एक पेला पाणी घोट-घोट घ्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे. ती गडद आणि थोडी होत असेल तर कमी पडते आहे. मात्र हृदय अशक्त झालेल्या किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. त्यांना जास्त पाणीही बाधते.

आखातात सर्वत्र मिळणारे ‘लबन’ हे आपल्या ताकासारखेच असते आणि ज्येष्ठांना ते मानवते. खारट असल्यास रक्तदाबाच्या रुग्णांनी बेताने घ्यावे. खजुराचे आदरातिथ्य नाकारू नये, पण मधुमेह असेल तर एका मोठ्या मेजूल खजुरात सुमारे चार चमचे साखर असते, हे लक्षात ठेवावे.

औषधांची पिशवी

प्रवासाआधी डॉक्टरांना केवळ ‘दुबईला जातोय’ एवढे सांगून भागत नाही. ‘चार दिवस मोटारीने वाळवंटात फिरणार आहोत’ हे सांगावे, कारण काही औषधांचा उष्णतेशी थेट संबंध आहे. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मधुमेहातील डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी औषधे घेणाऱ्यांचे पाणी घटल्यास रक्तदाब व मूत्रपिंड लवकर संकटात येतात. मूत्राशयाच्या अतिसंवेदनशीलतेवरील, नैराश्यावरील आणि सर्दीवरील काही गोळ्यांनी घाम कमी होतो. यांतील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी कोणत्या वेळी घ्यावी, जुलाब-उलट्या झाल्यास कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्यात, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. सकाळची गोळी टाळण्यापेक्षा तिची वेळ बदलणे बहुधा शक्य असते.

इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश तापमानात ठेवायच्या असतात. वापरातील पेन घरातील सामान्य तापमानात, म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत चार आठवडे टिकते. उन्हात उभ्या गाडीत ते काही तासांत निकामी होऊ शकते आणि बाहेरून फरक दिसतोच असे नाही. बर्फाला चिकटून ठेवल्यास गोठूनही ते वाया जाते. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या आपल्या माठाच्या तत्त्वावर चालतात. त्या कोरड्या वाळवंटात चांगले काम देतात, दमट किनाऱ्यावर कमी. साखर तपासण्याच्या पट्ट्या, दम्याचे पंप आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्याही गाडीच्या कप्प्यात ठेवू नयेत. औषधांची पिशवी माणसाबरोबर गाडीतून उतरली पाहिजे.

आणखी एक बाब कायद्याची आहे. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रेगॅबालिन, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी औषधे अमिरातीत नियंत्रित गटात मोडतात. गुडघेदुखी, पायांची आग किंवा झोप यांसाठी ही औषधे अनेक ज्येष्ठ घेत असतात. ती नेण्यासाठी तेथील शासनाची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत असावी आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. मुलासाठी प्रेमाने बांधून नेल्या जाणाऱ्या पदार्थांकडेही याच दृष्टीने पाहावे. खसखशीला अमिरातीत बंदी आहे. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात, अनारशांवर आणि डिंकाच्या लाडवांत ती असते. मुलासाठी मसाला न्यायचा असेल, तर खसखस वगळून वेगळा कुटून घ्यावा.

‘दोन मिनिटांत येतो’

गुडघे दुखतात म्हणून आजोबा गाडीतच बसून राहतात आणि बाकीचे किल्ला पाहायला जातात, हे दृश्य नेहमीचे आहे. इंजिन बंद, काचा किंचित खाली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील तापमान एका तासात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले. त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. बाहेर २८ अंशांचा सुखद हिवाळा असला तरी आत ५० अंशांची भट्टी होते. लहान मुलांसाठी ही दक्षता आपण आता घेऊ लागलो आहोत. तीच वृद्धांसाठीही हवी. अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश किंवा मंद हालचाली असलेल्या व्यक्तीला परक्या गाडीचे दार उघडता येईलच असे नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासोबत एकाने सावलीत किंवा उपाहारगृहात थांबावे.

सहलीचा काळ नोव्हेंबर ते मार्च हाच असावा. उन्हाळ्यात अमिरातीत तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामगारांना राबवण्यास तेथील कायद्यानेच मनाई आहे. तरुण मजुराला जे ऊन वर्ज्य, ते पंचाहत्तरीच्या आजींना कसे चालेल? उलट हिवाळ्यात रात्री वाळवंट झपाट्याने थंड होते. जेबेल जैस सुमारे १,९०० मीटर उंच आहे आणि ओमानमधील जेबेल अख्दरचे पठार सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंच. दमेकऱ्यांनी कानटोपी आणि शाल बरोबर ठेवावी.

चालकाच्या जागी कोण?

चाळीस वर्षे कोल्हापूर-पुणे मार्गावर गाडी चालवलेल्या निवृत्त वडिलांना तेथील सरळ, रुंद रस्ते पाहून चालवण्याची इच्छा होते. ती इच्छा हसण्यावारी नेऊ नये, पण तिचा विचार मात्र शांतपणे करावा. आखातात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि स्टीअरिंग डावीकडे असते. सरळ रस्त्यावर हे जमते. चूक होते ती वळताना, पंपावरून बाहेर पडताना, विश्रांतीनंतर पुन्हा निघताना. चौकातील वर्तुळाला उजवीकडून वळसा घ्यायचा असतो आणि डावीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते. आयुष्यभराची सवय घाईच्या क्षणी जुन्याच बाजूला ओढते. मान आखडलेली असेल, मोतीबिंदू पिकत असेल, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर धोका दुणावतो. ओमानमध्ये रात्री रस्त्यावर उंट येतात. उंटाचे पाय बारीक आणि धड उंच असल्याने दिव्यांच्या झोतात तो उशिरा दिसतो.

कायद्याची बाजूही पाहावी. भारतीय पर्यटकाने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि सोबत मूळ परवाना बाळगावा लागतो. अमिरातीचा रहिवासी व्हिसा असलेल्या मुलाला मात्र हा परवाना चालत नाही, त्याला तेथील परवानाच हवा. आपल्याकडे पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या प्रमाणपत्राकडे केवळ सहीपुरता कागद म्हणून पाहू नये. त्यानिमित्ताने दृष्टी, ऐकणे, मानेची हालचाल आणि चक्कर यांची तपासणी आग्रहाने करून घ्यावी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या चालकाने निघण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. ती ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी खावे, मगच चालवावे. सर्दीच्या, खाजेच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा त्या घेतल्यावर चालवू नये. मद्य घेऊन वाहन चालवण्याला अमिरातीत कसलीही सूट नाही. आणि मुलगा चालवत असेल तर त्याच्याही झोपेचा विचार करावा. आठवडाभराची नोकरी संपवून त्याच रात्री चारशे किलोमीटर निघणे हे आई-वडिलांवरील प्रेम असले तरी सुरक्षित नव्हे. एक रात्र झोपून पहाटे निघावे आणि अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा.

मोटार भाड्याने घेताना

भाडे आणि मॉडेल यांच्या आधी दाराची उंची पाहावी. गुडघे बदललेल्या किंवा सांधेदुखी असलेल्या व्यक्तीला उंच जीपमध्ये चढणे आणि फार बुटक्या मोटारीतून उठणे दोन्ही कठीण जाते. आसन साधारण मांडीच्या उंचीवर असावे. शक्य असल्यास ज्येष्ठांना दुकानात नेऊन एकदा बसवून पाहावे. उंच गाडी घ्यावीच लागली तर पायाखाली ठेवायला बुटके मजबूत स्टूल न्यावे. मागच्या आसनांना स्वतंत्र हवेची झडप आहे का, चाकांची खुर्ची किंवा वॉकर मागे मावतो का, हेही पाहावे. अमिरातीत २०१७ पासून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून जायला हवा. चार वर्षांपर्यंतच्या नातवंडासाठी वेगळे आसन लागते, ते गाडीबरोबर मागून घ्यावे.

करारात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहिलेले असावे. नाव नसलेल्या व्यक्तीच्या हातून अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो. चालकाच्या वयाची खालची आणि वरची मर्यादा विचारावी. वाळूत गाडी घातल्यास सामान्य विमा बहुधा लागू होत नाही. अमिरातीतून ओमानमध्ये जायचे असेल तर भाडे कंपनीचे लेखी संमतिपत्र आणि ओमानचा विमा हवा. जेबेल अख्दरला जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस चौकी आहे. तेथून पुढे चारही चाकांना गती देणारी गाडीच सोडतात. टायरच्या बाजूवरील चार आकडे पाहावेत. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. उष्ण प्रदेशात जुना टायर फुटण्याची भीती अधिक असते. गाडी घेताना सर्व बाजूंची छायाचित्रे काढावीत. किरकोळ धक्का लागला तरी पोलिसांचा कागद मिळाल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. आणि आई-वडिलांचा प्रवास विमा काढताना मधुमेह, हृदयविकार हे जुने आजार लपवू नयेत.

वाटेत अडल्यास

गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नये. मोटार दुरून दिसते, एकटा माणूस दिसत नाही. गाडीच्या सावलीत बसावे. प्रत्येकी चार-पाच लिटर पाणी, चार्ज केलेला फोन, थोडे खाणे आणि एक चादर कायम असावी. अमिरातीत पोलिसांसाठी ९९९ व रुग्णवाहिकेसाठी ९९८, तर ओमानमध्ये ९९९९ हे क्रमांक ज्येष्ठांच्या खिशातील चिठ्ठीवर आजार, औषधे आणि मुलाच्या फोन क्रमांकासह लिहून ठेवावेत.

अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, चालताना तोल जातो, अशी लक्षणे दिसल्यास तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी, सावलीत किंवा गार गाडीत आडवे करावे, जादा कपडे काढावेत, अंगावर साधे पाणी शिंपडत वारा घालावा, मान, काखा आणि जांघा थंड कराव्यात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊन उपयोग नसतो. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

एवढे वाचून कोणी सहल रद्द करू नये. सत्तरीनंतर मुलाच्या शेजारी बसून नवा देश पाहणे हेही आरोग्यच आहे. फक्त बेत आखताना किलोमीटर मोजू नयेत. गाडीतील सर्वांत वयस्कर माणसाला किती वेळ बसवते आणि किती वेळाने उतरावे लागते, यावरून दिवस आखावा. दोन ठिकाणे कमी पाहिली तरी चालतील. आणि ज्येष्ठ वाचकांना एकच विनंती. लघवीला जायचे आहे, पाणी हवे आहे, पाय मोकळे करायचे आहेत, हे मोठ्याने सांगा. मुलाने गाडी तुमच्यासाठीच घेतली आहे. ती तुमच्यासाठी थांबवणे त्याला मुळीच जड जाणार नाही.